सेनापती बापट मार्ग ते कोलाड : अवजलाचा हिशोब कोण ठेवतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या दारातला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

लोअर परळ स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की समोर येतो तो सेनापती बापट मार्ग. जुनी माणसं अजून त्याला तुळशी पाइप रोडच म्हणतात, कारण तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारा पाइप या रस्त्याने गेला. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही नावांमागे पाणी आहे. पाइपाची गोष्ट लगेच कळते. बापटांच्या पाण्याची गोष्ट मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते.

पावसाळ्यात शनिवारी पहाटे याच रस्त्यावरून कितीतरी गाड्या कोलाडच्या दिशेने सुटतात. फिनिक्स, कमला, एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जागेवर आता जी ऑफिसं आहेत, तिथली पोरंपोरी राफ्टिंगला निघालेली असतात. हेल्मेट, लाइफ जॅकेट, हातात वल्हं, कुंडलिकेच्या फेसाळत्या पाण्यात बारा-तेरा किलोमीटर. संध्याकाळी फोटो पडतात, खाली लाइक्स. छान आहे, मजा करावी. पण ज्या पाण्यावर ही मजा चालते, ते पाणी एकेकाळी याच गिरण्यांचे माग चालवायला सह्याद्रीवरून खाली ओढलं गेलं होतं. आणि ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून गाडी निघते, त्या माणसाने त्याच पाण्यासाठी तुरुंगवास भोगला होता.

मी बातमीदारी रोहा-माणगावकडे करतो, पण माझे निम्मे वाचक लोअर परळ, करी रोड, लालबागचे आहेत. त्यात नवल काही नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, गिरणीत भरती झालेली घरं इथे कमी नाहीत. म्हणून ही गोष्ट दोन्ही टोकांकडून सांगतो.

सुरुवात कोळशापासून करू. गिरण्या आल्या तेव्हा वाफेवर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, बंगालमधून, कधी थेट दक्षिण आफ्रिकेतून. महाग पडायचा, वेळेवर यायचा नाही, आणि धुराने सगळं परळ काळं व्हायचं. दुसरीकडे शंभर किलोमीटरच्या आत सह्याद्रीवर प्रचंड पाऊस पडत होता. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, पाइपातून कोकणात पाडायचं आणि त्या जोरावर वीज काढायची, हे जमशेटजी टाटांचं स्वप्न होतं. ते १९०४ मध्ये गेले. त्यांच्यामागे १९१० मध्ये टाटा हायड्रो इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं. तिथून निघालेल्या विजेच्या तारा येऊन थांबल्या त्या परळच्या रिसीव्हिंग स्टेशनात. मोठं गिऱ्हाईक इथेच होतं ना! गिरण्या सगळ्या इथल्या.

खोपोलीमागून १९२२ मध्ये भिवपुरी आलं. तिसरा टप्पा मुळशीचा. इथे थोडा भूगोल बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मुळा नदी पूर्ववाहिनी. तिचं पाणी पुण्याकडे जातं, भीमेला मिळतं, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. टाटांनी ही नदी मुळशीला अडवली आणि पाणी उलट्या दिशेला, पश्चिमेकडे वळवलं. घाटमाथ्यावरून साधारण पाचशे मीटर खाली भिऱ्याला पाडलं. तिथे वीजघर. वीज तयार झाल्यावर सुटलेलं पाणी कुंडलिकेत. कुंडलिका कोलाडवरून रोह्याला जाते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेच्या समुद्राला जाणारं पाणी असं पश्चिमेच्या समुद्राला जाऊ लागलं. वीजघरातून सुटलेल्या या पाण्याला आपल्याकडे अवजल म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

मुळशीत बुडणार होती पन्नासच्या आसपास गावं. आंबेमोहोर पिकवणारं मावळ. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला आणला. शेतकऱ्यांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, बायकापोरांसह. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. बापट पारनेरचे, विलायतेत शिकायला जाऊन तिथून बॉम्बची विद्या घेऊन आलेला माणूस. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीच्या या लढ्याने दिली.

काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. १९२४ मध्ये कामाची रेल्वे अडवायला बापट हत्यार घेऊन उभे राहिले आणि सात वर्षांची शिक्षा घेऊन आत गेले. धरण झालंच. १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झालं. बापट १९३१ मध्ये सुटले, तेव्हा मुळशीच्या पाण्यातून निघालेली वीज मुंबईत चार वर्षं वापरात होती.

या लढ्यावर राजेंद्र व्होरांचं पुस्तक आहे. त्यात एक गोष्ट नीट दिसते. जमीन कसणारा मावळा आणि कागदावर जमिनीचा मालक असलेला पुण्याचा सावकार यांचं हित एक नव्हतं. सावकाराला चांगली भरपाई मिळाली की त्याचं भागत होतं. कसणाऱ्याचं भागत नव्हतं. मोल पाण्याचं ठरलं, जमिनीचं ठरलं, पैसा हलला, पण जो तिथे राबत होता त्याच्या हातात सगळ्यात कमी आला.

लोअर परळकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक जण परत आत गेलेच नाहीत. मग प्रश्न आला गिरण्यांच्या जमिनीचा. १९९१ च्या नियमाप्रमाणे जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. पुढे काय उभं राहिलं ते तुम्ही रोज मान वर करून बघता.

आता कोलाडकडे या.

कोकणातल्या नद्यांचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. चार महिने धो धो, दिवाळीनंतर गुडघाभर, शिमग्याला नुसते धोंडे. कुंडलिका याला अपवाद. ती मे महिन्यातही वाहते, कारण वर भिऱ्याला मुंबईसाठी वीज बनत असते. भिऱ्याखाली सरकारचं आणखी एक केंद्र त्याच अवजलावर पुन्हा वीज काढतं. त्याच्याही खाली डोलवहालचा बंधारा आहे, तिथून कालव्यांनी शेतीला पाणी जातं. धाटावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची तहानही याच नदीवर. एक पाणी, कितीतरी धनी.

या रांगेत सगळ्यात शेवटी आलं राफ्टिंग. साधारण या शतकाच्या सुरुवातीपासून. हिमालयात राफ्टिंग करणाऱ्यांच्या लक्षात आलं की मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत बारा महिने खळाळणारी नदी आहे. साजे गावाजवळ राफ्ट पाण्यात घालायची आणि कामथला काढायची. नदी फार भीतीदायक नाही, पोहता न येणारा माणूसही चांगल्या गाइडबरोबर जाऊन येतो. म्हणून शाळेच्या सहली आल्या, कंपन्यांच्या टीम आल्या, कुटुंबं आली. मागोमाग तंबू, फार्महाउस, होमस्टे.

वेळेचं गणित मात्र न्यारं. राफ्ट सकाळी सुटतात, कारण पाणी सकाळी सुटतं. आणि पाणी कधी सुटणार हे शेवटी मुंबईच्या विजेच्या मागणीवर ठरतं. म्हणजे तुमच्या घरातला गिझर, मॉलचा एसी, लोकलचा पिक अवर आणि कोलाडच्या पोराची रोजी एकाच बटणाला जोडलेली आहेत. पाणी उशिरा सुटलं की काठावर राफ्ट फुगवून माणसं वाट बघत बसतात. सुटलंच नाही तर त्या दिवसाचा धंदा बुडाला, पर्यटकाला पैसे परत.

बरं, या धंद्यातून किती माणसं जगतात? राफ्टमागे एक गाइड. सोबत कयाकवर बचावाला माणूस. राफ्ट वाहून नेणारे टेम्पोवाले, पंप मारणारी आणि जॅकेट धुणारी पोरं, तंबू लावणारे, स्वयंपाकाच्या बायका, तांदळाची भाकरी आणि सोलकढी देणारं घर, कोंबडीवाला, बर्फवाला, किराणावाला. पावसात जांभळं, करवंदाचं सरबत, कोकमं घेऊन बसणाऱ्या आदिवासी वाडीतल्या बाया. काही गावांत तर मुंबईला जायच्या वयातली पोरं याच नदीमुळे गावात राहिली. ज्या खोऱ्याने शंभर वर्षं परळला माणसं पुरवली, तिथे हे काही लहानसहान नाही.

पण रुपयांत विचाराल तर एकही भरवशाचा आकडा समोर येत नाही. एक साधं गणित मांडतो. यातले आकडे मोजलेले नाहीत, हिशोब कसा करायचा हे दाखवायला घेतलेत. समजा एका शनिवारी ५० राफ्ट सुटल्या, एकेकीत ८ जण. झाली ४०० माणसं. येणं-जाणं, राफ्टिंग, जेवण, राहणं मिळून माणशी ३,००० रुपये खर्च. एका दिवसात १२ लाख. ऐकायला मोठं वाटतं. आता त्यातून वजा करत चला. पेट्रोल आणि टोल वाटेत गेला. ऑनलाइन बुकिंगचं कमिशन मुंबईत नाहीतर बंगळुरूला गेलं. फार्महाउसचा मालक पुण्याचा असेल तर भाडं तिकडे. राफ्ट आणि जॅकेट बाहेरून विकत आणलेली. उरलं ते इथलं: गाइडची रोजी, बायकांची मजुरी, भाजी, तांदूळ, टेम्पोचं भाडं. मोलाचा खरा आकडा हा उरलेला असतो. आणि ग्रामपंचायतीच्या वाट्याला? थोडी घरपट्टी, आणि सोमवारी सकाळी काठावर पडलेल्या बाटल्या आणि प्लास्टिक.

गंमत बघा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांचं नातं याच रोह्याशी. देशाचा हिशोब बघणारा माणूस ज्या खोऱ्याने दिला, त्या खोऱ्यातल्या नदीचा हिशोब कुणी लिहिलेला नाही.

हिशोब लिहिला की काय होतं, याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत टेनेसी राज्यात ओकोई नावाची नदी आहे. तिचंही पाणी विजेसाठी वळवलेलं. धरणापासून वीजघरापर्यंत डोंगराच्या कडेने लाकडी पाट होता आणि मूळ पात्र कोरडं असायचं. १९७६ मध्ये पाट धोकादायक झाला म्हणून बंद केला. पाणी पात्रात आलं, राफ्टवाले धावले, काही वर्षांत तिथे अख्खा धंदा उभा राहिला. पुढे पाट दुरुस्त झाला आणि वीज कंपनी म्हणाली, आता पाणी परत द्या. ही कंपनी म्हणजे तिथली सरकारी टेनेसी व्हॅली अथॉरिटी. लोक म्हणाले, आमच्या पोटाचं काय?

भांडण सुटलं ते हिशोबाने. पाणी सोडल्यामुळे बुडणाऱ्या विजेची किंमत किती, ती काढली. तिथल्या संसदेने ७४ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. त्या बदल्यात वर्षातले ११६ दिवस पाणी राफ्टिंगसाठी सोडायचं, तारखा आधी जाहीर, करार ३५ वर्षांचा. राफ्टवाल्यांकडून शुल्क घेऊन त्यातली रक्कम वसूल करायची. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या कयाक-कनूच्या शर्यती याच नदीवर झाल्या. विशेष म्हणजे त्या भागातल्या तांब्याच्या खाणी १९८७ मध्ये बंद पडल्या. खाण गेलेल्या गावांना नदीने थोडा हात दिला. गिरण्या बंद पडलेल्या लोअर परळला याचा अर्थ कळेल.

आपल्याकडे असा करार नाही. कोलाडला जे पाणी मिळतं ते कुणाच्या हक्काचं म्हणून मिळत नाही. वीज बनली, पाणी उरलं, त्यावर पोट भरा, असा सगळा मामला. शंभर वर्षं हे चाललं म्हणून पुढेही चालेल, हे कुणी सांगावं?

दोन गोष्टी डोळ्यांसमोर आहेत. पहिली, टाटांच्या धरणांचं पाणी पश्चिमेला न पाडता पूर्वेलाच सोडावं, ही भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी भागाची जुनी मागणी. ती चुकीची म्हणता येत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला आमच्या राफ्टिंगचं कौतुक काय सांगणार? कृष्णेच्या पहिल्या पाणीवाटप लवादाने टाटांच्या या प्रकल्पांना मर्यादाही घातलेली आहे: कोणत्याही पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त पाणी पश्चिमेला वळवायचं नाही. उद्या हा आकडा खाली आला तर कुंडलिका पुन्हा चार महिन्यांची नदी होईल. राफ्टिंगबरोबर डोलवहालचे कालवे आणि धाटावचे कारखानेही अडचणीत येतील.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. दिवसा सौर वीज वाढते आहे. पाण्यावरची वीज हवी तेव्हा चटकन चालू-बंद करता येते, म्हणून तिची गरज सूर्य मावळल्यावर जास्त लागू शकते. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई अंधारात गेली, तेव्हा पुरवठा पुन्हा उभा करायला टाटांच्या जलविद्युत केंद्रांनी हात दिला होता. म्हणजे शहराला हे पाणी हवंच आहे. पण ते सकाळऐवजी रात्री सुटायला लागलं तर? अंधारात राफ्ट घालता येत नाही. धरण भरलेलं असूनही धंदा बुडेल.

त्यात मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, कोलाड याच पट्ट्यात येतं. त्या रस्त्याच्या खड्ड्यांनी किती गिऱ्हाइकं लोणावळ्याकडे वळवली असतील! कोलाड हे रोह्यापुढचं कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन. इथून भरलेले ट्रक रेल्वेवर चढून दक्षिणेला जातात. पण मुंबईचा पर्यटक सकाळच्या पाण्याच्या वेळेला पोहोचेल अशी सोय नाही.

मग मागायचं काय? माझ्या मते चार साध्या गोष्टी.

एक, मोजणी. रोज किती राफ्ट सुटतात, किती माणसं येतात, किती स्थानिकांना किती दिवस काम मिळतं, याची नोंद. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. तीच नोंदणी वापरून दरवर्षीचा आकडा जाहीर करायला काय हरकत आहे?

दोन, पाण्याचं वेळापत्रक. वीज कंपनी, जलसंपदा खातं आणि गावं यांनी बसून निदान शनिवार-रविवारच्या वेळा आठवडाभर आधी जाहीर कराव्यात.

तीन, माणशी थोडं शुल्क, आणि ते थेट नदीकाठच्या ग्रामपंचायतींना. कचरा, संडास, बचावाचं साहित्य, गाइडचा विमा यासाठी. वरच्या देवकुंडला माणसं बुडाली की पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. बंदी सोपी असते, व्यवस्था उभी करायला पैसा लागतो.

चार, पाण्याच्या पुढच्या कोणत्याही फेरवाटपात या खोऱ्याचं म्हणणं ऐकलं जावं. पूर्वेच्या तहानेशी आमचं भांडण नाही. पण निर्णय होताना कुंडलिकेकाठच्या पोटांची मोजदाद कागदावर असावी. मुळशीच्या मावळ्यांची ती नव्हती. गिरणी कामगारांची असूनही उपयोग झाला नाही, कारण जमिनीचा भाव त्यांच्या आकड्यापेक्षा मोठा ठरला.

तेव्हा मंडळी, या शनिवारी कोलाडला जाणार असाल तर जरूर जा. गाइडला त्याचं गाव विचारा. बुकिंग करताना थेट गावातल्या माणसाकडे करता येतं का बघा. जेवण एखाद्या घरी घ्या, बाटली परत आणा. आणि निघताना सेनापती बापट मार्गावरून जाणार असालच, तर गाडीतल्या पोरांना हे बापट कोण होते तेवढं सांगा.

लोअर परळ, करी रोड, लालबागमध्ये रोहा, कोलाड, माणगाव, मुळशीकडची अजून बरीच घरं आहेत. तुमच्या घरात कुणी भिऱ्याला, टाटांच्या लाइनवर किंवा गिरणीच्या वीजखात्यात काम केलेलं असेल, तर खाली लिहा. मुळशीतून उठलेल्या घरांची आठवण असेल तर तीही लिहा. आकडे सरकारने द्यायचे तेव्हा देईल. आपल्याकडची नोंद आपण सुरू करू.